रांगेतली निळी बादली

माझ्या वहिनीचा मला हेवा वाटतो, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाला असं वाटायला नको, की मी तिचं कौतुक करायला बसले आहे. कौतुक करणारी माणसं आमच्या घरात पुष्कळ आहेत. त्यात पप्पाही आहेत, आणि माझं दुखणं तिथेच आहे.

आम्ही पालेगावात, जुन्या गल्लीत राहतो. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आहे. नळासमोर पूर्वी भाताची खाचरं होती, आता तिथे चौदा मजल्यांचा टॉवर आहे. पप्पा कंपनीत होते आणि कंपनीपेक्षा जास्त युनियनमध्ये होते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. शाळेतून आले की पत्रकांच्या घड्या घालायच्या, घडीवर नखाने दाब द्यायचा, शंभराचा गठ्ठा झाला की सुतळी बांधायची. सातवीत असताना मी लिहिलेलं एक वाक्य पप्पांनी पत्रकात घेतलं. वाक्याच्या शेवटी मी तीन उद्गारचिन्हं दिली होती, ती मात्र त्यांनी खोडली. म्हणाले, "राग वाक्यात असू दे. चिन्हात नको." त्या दिवशी मी ठरवलं, की या माणसाची वारस मीच. दादाला त्यात रस नव्हता, त्यामुळे स्पर्धाही नव्हती.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. तिचं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प चारचं. शिक्षण दहावीपर्यंत. लग्नाआधी जीन्सच्या कारखान्यात खिसे शिवायची. आमच्याकडे आल्यावर तिने दाराजवळच्या उजेडात मशीन लावली आणि ब्लाऊज शिवायला घेतले. पेपर कटिंगसाठी, म्हणजे कापडाआधी माप कागदावर कापायला, तिला कागद लागायचा. माळ्यावर जुन्या पत्रकांचे गठ्ठे होते, ती न विचारता तेच वापरायला लागली. एकदा पाठीच्या तुकड्यावर मला 'जागे व्हा' हे शब्द दिसले, बरोबर गळ्याशी अर्धे कापलेले. मी पप्पांकडे तक्रार केली. ते हसले आणि म्हणाले, "वाया तर नाही ना गेलं?" माझ्या लहानपणी पत्रकावर चहाचा कप ठेवला तरी ते ओरडायचे.

आता मागच्या उन्हाळ्यातलं सांगते.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, सकाळी दीड तास. नळावर रांग माणसांची नसते, भांड्यांची असते. पहाटेच बायका हंडे, कळश्या, बादल्या लावून जातात आणि घरची कामं उरकतात. नळाशी जी कुणी उभी असेल तिने आपलं भरलं की मागची सगळी भांडी एकेक घर पुढे सरकवायची. भांडं कुणाचं आहे ते बघायचं नाही. दोन जावा तीन वर्षं एकमेकींशी बोलत नसल्या तरी एकमेकींचे हंडे सरकवतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो पाळला जातो की नाही हे आमच्या समोरच्या काकू बघतात. काकू गावातल्या मूळ शेतकरी घरातल्या. त्यांची खाचरं टॉवरखाली गेली आणि आवाज तेवढा शेतावरचा राहिला.

एप्रिलमध्ये पाणी मध्येच तुटायला लागलं. अर्धी भांडी भरली की नळ सूं सूं करायचा. मग कळलं, की टॉवरवाल्यांनी मुख्य लाइनवर थेट मोटर बसवली आहे. ती सुरू झाली की आमच्याकडचं पाणी तिकडे ओढलं जातं. एका सकाळी काकू दहा-बारा बायकांना घेऊन टॉवरच्या पंपरूममध्ये गेल्या आणि त्यांनी दगडाने मोटर फोडली. वॉचमन आडवा आला, सोसायटीच्या सेक्रेटरी आंटी धावत खाली आल्या, ढकलाढकली झाली. आंटींचा गाल कुणाच्या तरी बांगडीने ओरबाडला आणि लोखंडी दाराच्या कडेवर काकूंचा दंड फाटला. दोन्हीकडून पोलिसात तक्रारी गेल्या.

मी तेव्हा तिथे नव्हते. मी बदलापूरला होते, आमच्या अभ्यास मंडळात निबंध वाचत होते. विषय होता, संघर्ष मिटवण्यात आणि शांतता टिकवण्यात स्त्रियांचा सहभाग. आमच्या गल्लीतल्या बायका मोटर फोडत होत्या, तेव्हा मी दूरदूरच्या देशांतल्या बायकांची उदाहरणं देत होते. घरी येऊन सगळं ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा मला काकूंचाच हेवा वाटला. मग मी बसले आणि संध्याकाळच्या आत पत्रक लिहून काढलं.

चांगलं पत्रक होतं. अजूनही म्हणते, चांगलं होतं. त्यातलं एक वाक्य असं होतं, की ज्यांची भांडी आम्ही घासतो, तेच आमच्या भांड्यांतलं पाणी चोरतात. पप्पांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि मान डोलावली. बऱ्याच वर्षांनी मला ती मान डोललेली दिसली. अंबरनाथला छापून आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः टॉवरच्या गेटवर उभी राहून वाटलं.

तिसऱ्या दिवशी गेटवर नोटीस लागली, की जुन्या गल्लीतल्या कामवाल्या बायकांना आत प्रवेश नाही. आम्हाला चोर म्हणणाऱ्यांच्या हातचं आम्हाला नको, असं त्यांचं म्हणणं.

माझी आई त्या टॉवरमध्ये चार घरी स्वयंपाक करायची. पप्पांची कंपनी बंद पडल्यापासून त्यावरच आमचं घर चाललं होतं. माझं कॉलेजही त्यावरच झालं. नोटिशीच्या दिवशी आई गेटवरून परत आली, चपला नीट जोडून ठेवल्या आणि तांदूळ निवडायला बसली. गल्लीतल्या आणखी आठ-नऊ बायका तशाच परत आल्या. त्यातली एक दारातूनच म्हणाली, "लिहिलंस छान गं. आता आमच्या घरी स्वयंपाकाला तूच ये, आम्ही बसून वाचतो." पप्पा पेपरमध्ये तोंड घालून बसले होते. रेघ त्यांनी मारली होती, पण खाली नाव माझं होतं.

तेव्हापासून माझ्यासमोर एकच गोष्ट होती. आईला त्या गेटमधून परत आत घालायचं, आणि ते मीच करायचं.

आठवड्याभरात पोलिसांनीच सुचवलं म्हणून समाजमंदिरात शांतता बैठक बोलावली गेली. टॉवरकडून आंटींचे यजमान आणि दोन पुरुष, गावाकडून माजी नगरसेवक आणि त्यांची माणसं. महिला प्रतिनिधी म्हणून एक खुर्ची होती, ती मला मिळाली. मोटर फोडणाऱ्या काकू नव्हत्या, गाल सुजलेल्या आंटी नव्हत्या, काम गेलेली आई नव्हती. निबंध लिहिणारी मी होते. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणून सुटता येणार नाही. लक्षात आलं होतं. खुर्ची सोडवली नाही.

मी वीस मिनिटं बोलले. आधी चोरी कबूल करा, मगच पुढची चर्चा, अशी अट घातली. आंटींचे यजमान उठले, त्यांच्या मागून दोघे उठले. चहा आला तेव्हा प्यायला फक्त आमचीच माणसं उरली होती. बाहेर पडताना माजी नगरसेवक म्हणाले, "भाषण मस्त झालं. पुढच्या निवडणुकीला भेट."

वहिनी बैठकीला आलीच नव्हती. लग्नसराई होती, तिच्याकडे काम तुंबलं होतं. त्या कामातच आंटींच्या मुलीच्या लग्नाचे नऊ ब्लाऊज होते. भांडणाच्या आधी माप दिलेलं, कापड कापून तयार, शिलाई अर्धी. गेट बंद झाल्यावर वहिनीला वर जाता येईना आणि आंटी खाली येईनात. आंटींनी वॉचमनला पाठवलं, जसे असतील तसे द्या म्हणून. वहिनीने निरोप पाठवला, की ट्रायल घेतल्याशिवाय मी ब्लाऊज देत नाही. वॉचमन तीनदा आला, तीनदा तोच निरोप घेऊन गेला.

मी तिला म्हटलं, हे चांगलं हत्यार आहे, गेट उघडायची अट घाल. ती दोरा ओवत होती. दाताने टोक तोडून म्हणाली, "अट कसली गं. खरंच ट्रायल लागते. बाही चढली नाही तर नाव कोणाचं खराब?"

बैठकीनंतर चौथ्या दिवशी दुपारी आंटी आल्या. लग्नाचे ब्लाऊज होते, यावंच लागलं. वहिनीने त्याच वेळी काकूंना बोलावून ठेवलं होतं. काकूंच्या दंडावर पट्टी होती आणि ब्लाऊजची बाही तिच्यावरून चढत नव्हती, ती उसवून द्यायची होती. हे मुद्दाम केलं का, असं मी नंतर विचारलं, तर वहिनी म्हणाली, की दुपारीच जरा हात मोकळा असतो.

आमची खोली एवढीशी. आंटी मशीनजवळ उभ्या, काकू पलंगावर, मी स्वयंपाकघराच्या दारात. वहिनीचं माहेर सिंधी दुकानदारांच्या मधोमध, त्यामुळे आंटींशी ती कॅम्पातल्यासारखं हिंदीत बोलते. म्हणाली, "आंटी, हाथ ऊपर." आंटींनी दोन्ही हात वर केले. वहिनीने छातीभोवती टेप घेतली, टाचण्या तोंडात धरल्या. दोन्ही हात वर करून, टेपमध्ये अडकून माणूस भांडू शकत नाही. आंटींची नजर मात्र काकूंच्या दंडावर होती.

"कितने टाँके आए?" आंटींनी विचारलं.

"तीन," काकू म्हणाल्या. "हातशिलाई हाय. हिच्या मशीनची नाय."

टाचण्या तोंडात असल्यामुळे वहिनीला हसता येईना. आंटी हसल्या, आणि मग लगेच आपण हसलो म्हणून त्यांनी नजर वळवली. पण त्यानंतर बोलणं निघालं. मोटर फुटल्यापासून टॉवरमध्ये पाण्याचे हालच होते, टँकरवर चाललं होतं. आता त्यात दुरुस्तीसाठी बारवी धरणाचं पाणी दुसऱ्या दिवशी पूर्ण बंद राहणार होतं आणि टँकरवाल्याने हात वर केले होते. लग्नाचं घर, पाहुणे आलेले. वहिनीने शेवटची टाचणी काढली आणि सहज म्हणाली, "परवा बादली पाठवा ना, आंटी. मी नंबर लावते."

मी दारात उभी राहून चिडले. ज्यांनी आमचं पाणी ओढलं त्यांचीच बादली आमच्या नळावर. शिवाय बदल्यात काही मागितलंही नाही. मी काकूंकडे पाहिलं, आता या ओरडतील म्हणून. काकू उसवलेली बाही बघत होत्या.

परवा पहाटे वॉचमनने निळी प्लास्टिकची बादली आणून दिली आणि वहिनीने ती रांगेत लावली. बारावी होती. पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांत ती लांबूनही दिसत होती. बायका जमल्या, कुजबुज सुरू झाली. पाणी आलं. पहिला हंडा भरला, रांग सरकली. निळ्या बादलीपाशी येऊन थांबली. तिच्या पुढे हंड्याएवढी जागा रिकामी पडली आणि मागची सगळी भांडी अडली. कुणी हात लावेना. वहिनी तिथे नव्हतीच, ती घरात मशीनवर बसली होती. मशीनचा आवाज नळापर्यंत येत होता.

दहा-बारा बायका काकूंकडे बघत होत्या. काकूंनी एकदा टॉवरकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग पाय पुढे केला आणि पायाने बादली पुढे ढकलली. मागून मागची भांडी सरकली.

मी आईला म्हटलं, "पायाने? हा अपमान आहे."

आई म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या घरांची भांडी रांगेत नसायची, बाजूला असायची. एक दिवस मी माझा हंडा मध्येच लावला. या काकूंच्या सासूने तो पायाने सरकवला."

हे आईने मला चोवीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे लगेच पत्रक उभं राहिलं. मी म्हटलं, "आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प कुठे. दुसऱ्या पाण्याच्या दिवशी मी तिचा हाताने सरकवला. मग तिला पाय लावायची लाज वाटली." मग निळ्या बादलीचा नंबर आला तशी आई पुढे झाली. आईनेच ती नळाखाली लावली.

बादली भरली तेव्हा आंटी गेटमधून बाहेर आल्या होत्या. उचलायला गेल्या, तर त्यांना जमेना. आईने कडी एका बाजूने धरली, दुसरी बाजू आंटींनी. दोघी मिळून हिंदकळत निघाल्या. वॉचमनने गेट उघडलं. नोटीस तिथेच होती, पाणी सांडल्याने तिचा खालचा कोपरा भिजला. आई आत गेली आणि तासाभराने आली. तिच्या हाताला फोडणीचा वास येत होता.

त्यानंतरचं सगळं पंधरा दिवसांत झालं. ट्रायलच्या निमित्ताने एकेक बाई वरून खाली येत राहिली, गल्लीतली एकेक तिथे बसलेली असायची. टॉवरने लाइनवरची मोटर काढून टाकली. आधी गल्लीचा व्हॉल्व्ह, मग टॉवरच्या टाकीचा, असं ठरलं, आणि व्हॉल्व्ह उघडताना एक बाई खालची आणि एक बाई वरची उभी राहायची, म्हणजे कुणाला संशय नको. तक्रारी मागे घ्यायला काकू आणि आंटी एकाच रिक्षाने पोलीस स्टेशनला गेल्या. सगळ्या बायका कामावर परत गेल्या. माझ्या निबंधात 'संयुक्त देखरेख' असा शब्द होता, त्यावर मी दीड पान लिहिलं होतं. वहिनीला तो शब्द माहीत नव्हता. तिला फक्त हे माहीत होतं, की एकटी बाई उभी राहिली तर दुसरी बाजू विश्वास ठेवणार नाही.

एका संध्याकाळी पप्पा चहा पिताना म्हणाले, "आम्ही युनियनमध्ये तीस वर्षं घालवली. असं कुणाला सुचलं नाही." वहिनीकडे बघून म्हणाले. मी तिथेच बसले होते. सातवीतल्या वाक्यालाही ते इतकं बोलले नव्हते. मी उठून माळ्यावर गेले आणि काय शोधायला आले ते मलाच कळेना. पत्रकांचे गठ्ठे निम्मे संपले होते.

मला अजूनही एक गोष्ट टोचते आणि ती केवळ हेव्याची नाही. चोरी झाली, हे शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. मी वहिनीला तसं म्हणाले. शांतता झाली, पण खरं कुणी बोललं का?

"चोरी होतीच," ती म्हणाली. "मोटर काढली ना त्यांनी? मग तो शब्द घेऊन काय करू, पाणी भरू त्यात?"

मला उत्तर पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. शब्द सोडून दिला तर पुढच्या वेळी मोटर परत बसते, असं मला वाटतं. पण आई रोज सकाळी गेटमधून आत जाते, आणि तिला आत घालणारा माणूस मी नाही, हेही तितकंच खरं आहे.

गेल्या आठवड्यात बदलापूरच्या अभ्यास मंडळातून फोन आला. त्यांच्या कानावर गल्लीची गोष्ट गेली होती. मला वाटलं, पुन्हा निबंध वाचायला बोलावतायत. तर म्हणाले, वहिनींना घेऊन या, त्यांनाच बोलू दे. मी निरोप दिला. खोटं कशाला सांगू, दोन दिवस उशिरा दिला. वहिनी म्हणाली, "मला नाही बाई जमणार स्टेजवर. तू बोल ना माझ्यावतीने, तुला छान येतं." तिने हे अगदी मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता. वहिनी कामात होती, तिने हंडा लावून ठेवला होता. माझी कळशी तिच्या मागे. पुढची बाई भरून घाईने तशीच गेली आणि सरकवायची पाळी माझी आली. नळाशी काकू होत्या, त्यांचे हात आंटींच्या घरची निळी बादली भरण्यात गुंतले होते. तिची आता रोजची जागा झाली आहे. मी वहिनीच्या हंड्याकडे बघत उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "चल गं, झोपलीस का?" मी पाय पुढे केला आणि हंडा पायाने सरकवला. पितळ फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

काकूंनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या दंडावर तीन टाक्यांचा पांढरा वण आहे. हंडा कुणाचा ते त्यांनी ओळखलं, पाय कुणाचा तेही.

"असू दे," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पायच निघतो."

आणि पाण्याचा पुढचा वार उद्या आहे.